मुक्काम आपण ठरवायचा

"मुक्काम कुठे करायचा?" निघायच्या आदल्या रात्री मी हा प्रश्न विचारला होता. दशम्या लाटता लाटता. उत्तर आलं, "बघू गं. जिथं रात्र होईल तिथं थांबू."

मैत्रिणींनो, तुमच्याकडेही हेच उत्तर मिळतं ना? गाडीत तेल किती, टायरमध्ये हवा किती, कुठल्या टोलनाक्यावर किती पैसे, सगळं पाठ असतं. नाश्त्याला कुठली मिसळ खायची तेसुद्धा ठरलेलं असतं. पण सहा माणसांनी रात्री पाठ कुठे टेकायची, हे मात्र 'बघू'वर.

आम्ही आष्टीचे. आमच्याकडे २०२२ साली नगरपर्यंत रेल्वे आली, तिचं केवढं कौतुक झालं. पण ती काही समुद्रापर्यंत जात नाही. त्यामुळे कोकणात जायचं म्हणजे गाडी काढायची. कडा, चिंचोडी पाटील, नगर, शिरूर, रांजणगाव, पुणे, मग ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा आणि हरिहरेश्वर. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. तिथून जवळच बागमांडला. बागमांडल्याला गाडीसकट फेरीबोटीत चढायचं, सावित्रीची खाडी ओलांडायची आणि पलीकडे वेशवीला उतरायचं. कोकणात या बोटीला जंगलजेटी म्हणतात. दहा-पंधरा मिनिटांत माणसं रायगड जिल्ह्यातून रत्नागिरी जिल्ह्यात. पुढे केळशी, आंजर्ले, दापोली. ही बोट नसेल तर त्याच पलीकडच्या काठावर जायला रस्त्याने लांबचा वळसा पडतो.

आमच्या सासूबाईंनी तोवर समुद्र पाहिला नव्हता. वय सत्तर. अर्धे उन्हाळे टँकरची वाट बघण्यात गेलेले. टीव्हीवर समुद्र दिसला की म्हणायच्या, "एवढं पाणी असतंय का खरंच?" त्यांना हरिहरेश्वर दाखवायचं आणि बोटीतून पलीकडे नेऊन आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला न्यायचं, एवढ्यासाठीच तर ती सहल होती.

दिवाळीच्या सुटीचे दिवस. पहाटे पाचला निघायचं ठरलं. पण डबे, पाण्याच्या बाटल्या, सासूबाईंच्या साखरेच्या गोळ्या, पोरांचे स्वेटर, शेजारणीकडे किल्ली, गाईला चारा, असं करता करता साडेनऊ वाजले. पुण्यात शिरेपर्यंत जेवणवेळ टळून गेली. शहर ओलांडून पौडजवळ आलो तेव्हा पाच वाजले होते. तिथे रस्त्याच्या कडेला बरं दिसणारं एक ठिकाण होतं. आवारात गाडी लावायला जागा, बाहेर तुळशीवृंदावन. मी म्हटलं, "इथं थांबू या का?" तर हे म्हणाले, "अगं, अजून उजेड आहे. घाट उतरून घेऊ. तेवढंच उद्याचं कमी."

तेवढंच उद्याचं कमी! या तीन शब्दांनी आमच्या सहलीचा निकाल लावला.

घाटात सहा-साडेसहालाच अंधार झाला. वळणावळणावर समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे डोळ्यांवर. पोरांना उलट्या. सासूबाईंना तासातासाला गाडी थांबवावी लागते, पण घाटात थांबवणार कुठे? त्या बिचाऱ्या ओठ मिटून बसल्या. माणगावला पोचलो तर दिवाळीची गर्दी, सगळीकडे 'जागा नाही'. प्रत्येक ठिकाणी पुरुषमाणसं आत जाऊन विचारून येत आणि आम्ही बाया गाडीत. अकराच्या सुमाराला पुढच्या एका गावात खोली मिळाली. एक खोली, सहा माणसं, खाली दारूचा गुत्ता. मोरीच्या दाराला कडी नव्हती. एकीनं आत जायचं आणि दुसरीनं बाहेरून दार धरून उभं राहायचं. सासूबाई रात्रभर खुर्चीवर बसून होत्या. मी भिंतीला टेकून. झोपलं कोण? तर गाडी चालवून दमलेला माणूस आणि पोरं.

सकाळी सगळं आवरून, हरिहरेश्वराचं दर्शन रांगेत उभं राहून घेऊन बागमांडल्याला पोचलो, तर तिथेही गाड्यांची रांग. पुढच्या सीटवर टेकलेल्या सासूबाईंचा डोळा लागला. गाडी बोटीत चढली. आम्ही सगळे वरच्या बाजूला गेलो, वारा खाल्ला, फोटो काढले. त्यांना उठवायला गेले तर इतक्या गाढ झोपल्या होत्या की माझा हात पुढे होईना. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता हो त्यांचा. म्हटलं, झोपू दे.

पलीकडे उतरून गाडी चढाला लागली तेव्हा त्या जाग्या झाल्या. म्हणाल्या, "बोट कधी यायची?"

गाडीत कुणी काही बोललं नाही.

त्या दिवसापासून माझं एक मत झालं आहे आणि ते मी आज ठणकावून सांगणार आहे. लांबच्या प्रवासात मुक्कामाचं ठिकाण निघण्याआधी ठरलंच पाहिजे आणि ते घरातल्या बाईने ठरवलं पाहिजे.

आता कुणी म्हणेल, गाडी तो चालवतो, दमतो तो, मग थांबायचं कुठे हे त्याने ठरवू नये का? जरूर सांगावं. किती तास चालवणं झेपेल हे त्यानेच सांगावं. पण त्या खोलीत जाऊन पोराचं दूध गरम करून मागणं, ओले कपडे वाळत घालणं, म्हाताऱ्या माणसाला रात्री दोनदा उठवून नेणं, पाळी आली असेल तर आपलं आपण निस्तरणं, हे कुणाच्या वाट्याला येतं? जिला खोली वापरायची, तिने खोली निवडायची. यात भांडण्यासारखं काय आहे?

शिवाय चालवणाऱ्या माणसाला आपण दमलोय हे कळतच नाही. त्याला पुढचा मैलाचा दगड दिसत असतो. म्हणून तर पगारी ड्रायव्हर-कंडक्टरसाठी १९६१ साली कायदा झाला, त्यात दिवसाला आठ तासांचं काम आणि सलग पाच तासांच्या आत निदान अर्धा तास विश्रांती असं लिहून ठेवलं होतं. ज्याचा रोजचा धंदाच गाडी चालवण्याचा, त्याच्यासाठी हा नियम. मग आपले हे, जे वर्षातून दोनदा लांबची गाडी चालवतात, त्यांनी नऊ-दहा तास स्टिअरिंग धरावं आणि वर अंधारात घाट उतरावा, हा कुठला शहाणपणा? 'एका दमात पोचलो' हे गावात येऊन सांगायला छान वाटतं. पण त्या दमात घरातल्या बाकीच्यांचा दम किती निघाला ते कोण सांगणार?

रात्रीच्या कोकणाची मला भीती बसली त्याला आणखी एक कारण आहे. ज्या सावित्रीची खाडी आपण बोटीने ओलांडतो, त्याच सावित्रीवरचा महाडजवळचा जुना ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला. दोन एसटी गाड्या आणि इतर वाहनं माणसांसकट नदीत गेली. बाहेर अंधार, पाऊस, आणि पुढे पूल उरलेला नाही हे येणाऱ्याला दिसलंच नाही. २०१७ मध्ये तिथे नवा पूल झाला. पण गेलेली माणसं परत आली नाहीत. त्यात कुणा प्रवाशाची चूक नव्हती, आणि एसटीला रात्रीचं जावंच लागतं. आपल्याला मात्र निवड असते. पावसाळ्यात अनोळखी घाट आणि अनोळखी पूल रात्री ओलांडायचा नाही, एवढी तरी गाठ पदराला बांधून ठेवावी.

मग थांबायचं कुठे? मी आता उलटा हिशेब करते. घरापासून नाही, बोटीपासून. बोट रात्रभर चालत नाही, हे पहिलं लक्षात ठेवायचं. शेवटची फेरी किती वाजता, पावसामुळे बंद आहे का, हे निघण्याआधी फोन करून विचारायचं. आता समजा दुपारी तीनला बागमांडल्याला बोटीत चढायचं आहे, म्हणजे पलीकडचं ठिकाण उजेडी गाठता येतं. मग हरिहरेश्वरला दर्शन, जेवण आणि थोडी टेक यासाठी अकरा-बाराला पोचायला हवं. माणगावहून तिथे यायला दोन तास. ताम्हिणी घाटात पोरांना आणि म्हाताऱ्यांना घेऊन, थांबत थांबत, तीन तास धरावेत. म्हणजे सकाळी सहा-सातला घाटाच्या अलीकडे निघालेलं असलं पाहिजे. झालं, मुक्कामाचं ठिकाण आपोआप समोर आलं. पुणं ओलांडायचं, घाट चढायचा नाही. पिरंगुट, पौड या बाजूला थांबायचं. पुण्याची गर्दी आदल्या दिवशी मागे पडते आणि घाट सकाळच्या ताज्या डोळ्यांनी उतरता येतो. मी त्या दिवशी बोट दाखवलेलं ठिकाण तेच तर होतं.

"त्यापेक्षा पुण्यात वन्संकडे उतरू की, लॉजचे पैसे वाचतील," हा दुसरा ठरलेला सल्ला. नणंदेला भेटायचं असेल तर अवश्य जावं, दोन दिवस राहावं, मनसोक्त गप्पा माराव्यात. पण त्याला विश्रांतीचा मुक्काम म्हणू नये. तिच्या दोन खोल्यांत आपण सहाजण. ती नोकरीवरून दमून आलेली, आल्या आल्या सहा माणसांची कणीक मळणार. आपण कशा बसून राहणार? आपणही ओट्याशी उभ्या. रात्री बारापर्यंत गप्पा, सकाळी "पोहे तरी खाऊन जा" म्हणता म्हणता नऊ वाजणार. पैसे वाचतात खरे, पण ते दोन बायांच्या कमरेतून वसूल होतात. घाटापायी ठरवलेली सकाळ तर हातची जातेच.

खर्चाचा मुद्दा खोटा नाही. आपल्यासारख्या घरात खोलीचं भाडं खुपतंच. रांजणगावच्या महागणपतीसारख्या देवस्थानी भक्तनिवास असतो, साधी आणि स्वस्त सोय. सकाळी उशिरा निघणाऱ्यांना आणि फार लहान पोरं असणाऱ्यांना तो पहिला टप्पा बरा. फक्त मग दुसऱ्या दिवशी पुणं आणि घाट दोन्ही पार करायचे आहेत हे धरून चालावं आणि बोट तिसऱ्या दिवसावर ठेवावी. वाटेत हॉटेलात दोनदा जेवायचं ते डब्यावर भागवलं तर खोलीला हातभार लागतो. पण कडी नसलेली मोरी स्वस्तात मिळाली तरी ती महागच पडते, हे माझ्या अनुभवाचे बोल आहेत.

आणि एक अवघड गोष्ट. आपल्या गावाकडे 'लॉज' या शब्दालाच वास येतो. बाईमाणसाने लॉजला फोन करायचा? मी पहिल्यांदा केला तेव्हा पलीकडचा माणूस म्हणाला, "साहेबांना द्या फोन." मी म्हटलं, "साहेबांना मोरीची कडी दिसत नाही, म्हणून मी बोलतेय." तो हसला, पण मग नीट उत्तरं दिली. काय विचारायचं ते सांगते. खोली तळमजल्यावर आहे का? संडास खोलीला लागून आहे का, आणि कमोड आहे का? सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी हे लागतंच. पाणी रात्रभर असतं का? दाराला आणि मोरीला आतून कडी आहे का? गाडी आवारात राहते का? खाली दारूचं दुकान आहे का? कुटुंबं उतरतात का? जादा गादीचे किती? सकाळी सहाला चहा मिळेल का? इतकं विचारलं की माणूस कसा बोलतो यावरूनच ठिकाण कळतं. पोचल्यावर आधी सामान उतरवायचं नाही. आधी आपण आत जायचं, नळ सोडून बघायचा, कडी लावून बघायची, मग "उतरवा" म्हणायचं. आणि हो, आपलं आधार कार्ड आपल्या पर्समध्ये ठेवायचं. यांच्या पाकिटात नाही.

वाटेतल्या थांब्यांचंही तसंच. बाया प्रवासात पाणी पीत नाहीत, कारण जायचं कुठे? सकाळपासून घोटभर पाण्यावर बसलेल्या कितीतरी जणी मी पाहिल्या आहेत, मीही त्यातलीच होते. मुंबईत २०११ पासून बायकांनी 'राइट टु पी' म्हणून चळवळ केली, स्वच्छ आणि फुकट मुताऱ्या मागितल्या. नाव ऐकून लोक हसले. हसू देत. गरज आमची आहे. पेट्रोल पंपावर तेल भरताना स्वच्छतागृहाची किल्ली हक्काने मागायची. लाजायचं नाही. पाणी पिऊन प्रवास करायचा.

आपल्याला हे नवं थोडंच आहे? आळंदीहून माउलींची पालखी निघते, तेव्हा पुण्यानंतर सासवड, मग जेजुरी, मग वाल्हे, मग लोणंद, हे मुक्काम आधीच ठरलेले असतात. "बघू, जिथं रात्र होईल तिथं," असं तिथे कुणी म्हणत नाही. पालखीचा मुक्काम आधी ठरतो, म्हणून तर लाखो माणसं सुखाने चालतात. आणि आपल्या शेजारच्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीला १७२५ साली जन्मलेली लेक, अहिल्याबाई होळकर, तिने काय केलं? देशभरच्या तीर्थांच्या वाटांवर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. वाटसरूला पाणी कुठे लागेल आणि रात्री पाठ कुठे टेकेल, हा विचार तिने राज्यकारभार करताना केला. २०२४ साली आपल्या नगरचं नाव अहिल्यानगर झालं. कोकणात जाताना आपण तिच्या नावाच्या गावातूनच जातो. मग तिचा हा एक गुण आपण उचलायला काय हरकत आहे?

जाता जाता एक बोचणारी गोष्ट. दसरा झाला की आपल्याच तालुक्यातून ऊसतोडीला गाड्या निघतात. संसार, शेळ्या, तान्ही पोरं सगळं ट्रॅक्टरवर लादून. त्या बायांना मुक्काम कोण विचारतं? कारखाना कोणता आणि कोपी कुठल्या शिवारात, हे मुकादम सांगतो. रात्री रस्त्याच्या कडेला थांबलेला ट्रॅक्टर दिसला की मला आता त्या मोरीची आठवण येते. माझी एक रात्र होती. त्यांची दर वर्षीची आहे. ज्यांना निवडता येतं त्यांनी निदान निवडावं, आणि ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी संडास-पाण्याची मागणी करताना आपला आवाज मिसळावा, एवढंच म्हणते.

असो. सासूबाईंचं राहिलं की सांगायचं.

पुढच्या माघात आम्ही पुन्हा गेलो. या वेळी मुक्काम मी ठरवला. हे आधी जरा घुश्शात होते, "पाचलाच थांबायचं? अजून उजेड आहे." मी म्हटलं, "उजेड आहे म्हणूनच थांबायचं." खोलीवर गेलो, चहा झाला, दशम्या-चटणी खाल्ली, नऊला सगळे झोपले. सगळे म्हणजे सगळे. सकाळी घाटात धुकं होतं, ते वर निघताना पोरांनी बघितलं. दुपारी बागमांडल्याला बोटीचा लोखंडी पूल काठावर टेकला, गाड्या एकेक करून आत शिरल्या. सासूबाई गाडीतून उतरल्या, माझा हात धरून कठड्याशी आल्या.

बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "हे सगळं खारट?"

"हो आत्याबाई, खारट."

"एवढं पाणी, अन् एक हंडा भरता येईना," त्या म्हणाल्या आणि पदराने तोंडावरचे शिंतोडे पुसले. पलीकडचा काठ येईपर्यंत जागच्या हलल्या नाहीत.

परतीच्या वाटेवर ह्यांनी आपणहून विचारलं, "आजचा मुक्काम कुठे गं?"

तर मैत्रिणींनो, पुढच्या वेळी गाडी निघायच्या आधी दशम्या नंतर लाटा. आधी फोन हातात घ्या.